रेडिओवरची माणसं – ९ : कंटाळलेला हम्फ

लंडनच्या भुयारी रेल्वेत, नॉर्दर्न लाइनवर, मॉर्निंग्टन क्रेसेंट नावाचं एक छोटं स्टेशन आहे. त्याच नावाचा एक खेळही आहे. खेळाडूंनी आळीपाळीनं लंडनमधल्या स्टेशनांची नि रस्त्यांची नावं घ्यायची आणि जो आधी 'मॉर्निंग्टन क्रेसेंट' म्हणेल तो जिंकला. मग पहिल्याच डावाला ते म्हणून मोकळं का व्हायचं नाही? कारण खेळाला फार गुंतागुंतीचे नियम आहेत, असं सगळे भासवतात. एखाद्या चालीवर वाद घालतात, एखादीला प्रेक्षक मनापासून दाद देतात. नियम मात्र एकही नाही!

बीबीसीच्या रेडिओ ४ वर १९७२ साली सुरू झालेल्या 'आय ॲम सॉरी आय हॅवन्ट अ क्लू' या कार्यक्रमातला हा खेळ. रेडिओवरच्या पॅनेल गेम्सवरचा उतारा, अशी तो स्वतःची ओळख करून द्यायचा. एका गाण्याचे शब्द भलत्याच गाण्याच्या चालीवर म्हणायचे, असले उद्योग त्यात चालत. चार विनोदवीर धुमाकूळ घालायचे आणि अध्यक्षाच्या खुर्चीत एक गृहस्थ जिवावर आल्यासारखे बसलेले असायचे. हे हम्फ्री लिटलटन. सगळा देश त्यांना 'हम्फ' म्हणे, आपणही तसंच म्हणू.

हम्फचा कंटाळा हे त्याचं हत्यार होतं. गुण मोजायला समांथा नावाची एक तरुणी शेजारी बसली आहे, असं तो अनेक भागांत सांगायचा. समांथा नव्हतीच. कधीही नव्हती. पण तिच्या संध्याकाळच्या बेतांबद्दल तो जी वाक्यं वाचायचा, त्यांचा दुसरा अर्थ इतका चावट असे की सभागृह कोसळायचं. मग हम्फ थांबायचा. लोक का हसताहेत हे जणू त्याला कळतच नाहीये! ही वाक्यं बरीच वर्षं इयन पॅटिन्सन लिहून देत. पण ती उतरायची हम्फच्या आवाजामुळे. शाळेची सूचना वाचावी तसा तो सरळ, खानदानी आवाज. दादा कोंडक्यांनी भोळ्या चेहऱ्याकडून जे काम करून घेतलं, ते रेडिओवर चेहरा नसताना हम्फनं आवाजाकडून करून घेतलं.

आवाज उसना नव्हता. हम्फचा जन्म १९२१ साली ईटन या खानदानी शाळेतच झाला, वडील तिथे शिक्षक होते. १९३६ मध्ये लॉर्ड्सवर ईटन आणि हॅरो या शाळांचा क्रिकेट सामना चालू असताना हे चिरंजीव मैदानातून सटकले आणि चॅरिंग क्रॉस रोडवर जाऊन त्यांनी ट्रंपेट विकत घेतलं. त्या वेळी सामन्यात काय चाललं होतं कोण जाणे. पुढे हम्फ ग्रेनेडियर गार्ड्समध्ये अधिकारी झाला आणि १९४३ ला इटलीत सालेर्नोच्या किनाऱ्यावर उतरला, तोही ट्रंपेट घेऊन. ८ मे १९४५ रोजी, युरोपातलं युद्ध संपल्याच्या दिवशी, बकिंगहॅम राजवाड्याबाहेरच्या गर्दीत एका हातगाडीवर बसून तो ट्रंपेट वाजवत होता.

१९४८ साली त्यानं स्वतःचा बँड काढला. न्यू ऑर्लीन्सचं जुनं जाझ जसंच्या तसं वाजवणाऱ्यांचा तेव्हा ब्रिटनमध्ये जोर होता. पुढच्या फळीत ट्रंपेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन. बाकी सारं बाटलेलं. घराण्यांच्या शुद्धतेवरून हमरीतुमरीवर येणारे आपले रसिक आठवा. १९५३ मध्ये हम्फनं ब्रूस टर्नरला सॅक्सोफोन घेऊन बँडमध्ये आणलं, तेव्हा बर्मिंगहॅमच्या मैफलीत श्रोत्यांनी 'गलिच्छ बॉपर, घरी जा' असा फलक फडकवला. बॉप म्हणजे तेव्हाचं नवं जाझ, पाखंडच. हम्फ बधला नाही. १९५६ मध्ये त्याची 'बॅड पेनी ब्लूज' ब्रिटनच्या पहिल्या वीस रेकॉर्डमध्ये गेली.  तिच्यातला पियानो ऐकावा आणि मग बीटल्सचं 'लेडी मॅडोना' लावावं. फार सांगावं लागत नाही.

रेडिओ २ वर १९६७ पासून चाळीस वर्षं तो 'द बेस्ट ऑफ जाझ' सादर करत होता. तिथे कंटाळ्याचं नाव नाही. माहिती तोंडपाठ, पण बोलणं नेमकं, की लगेच रेकॉर्ड. हे दोन वेगळे हम्फ आहेत असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. बँडचा म्होरक्या धून मांडतो, मग बाजूला सरकून एकेकाला मोकळं रान देतो आणि नेमक्या मात्रेवर ट्रंपेट पुन्हा ओठांना लावतो. अध्यक्षाच्या खुर्चीत हम्फ वेगळं काय करत होता? चौघं दमेपर्यंत गप्प आणि मग एकच वाक्य.

'द बेस्ट ऑफ जाझ' त्यानं मार्च २००८ मध्ये थांबवलं. २५ एप्रिलला तो गेला, वयाच्या ८६ व्या वर्षी. 'क्लू' आता बंदच होणार असं वाटलं होतं, पण २००९ मध्ये तो परतला. तिघा नव्या अध्यक्षांनी खुर्ची वाटून घेऊन पाहिली, शेवटी जॅक डी टिकला. तोही बऱ्यापैकी कंटाळलेला दिसतो. गुण मात्र अजून समांथाच मोजते.