काशीतला समुद्रकिनारा

सुट्टीत समुद्रावर कोण कोण जाऊन आलं? मालवण, मुरूड, गणपतीपुळे... भराभर हात वर झाले असतील. आता सांगा, काशीला जाऊन समुद्रकिनाऱ्यावर बसून आलेलं कुणी आहे का? हसू नका! काशीपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, हे मलाही ठाऊक आहे. तरीही तिथल्या घाटाच्या पायरीवर टेकलात, की तुम्ही चक्क समुद्रकिनाऱ्यावर बसलेले असता. कसे, ते सांगतो. आधी घाटावर तर पोहोचू या.

दशाश्वमेध घाटाकडून दक्षिणेला चालू लागा. शीतला घाट गेला, की अहिल्याबाई घाट येतो. हो, 1780 मध्ये काशी विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं करणाऱ्या त्याच अहिल्याबाई होळकर. त्याला लागूनच आहे मुन्शी घाट. नागपूरकरांनो, कान टवकारा: तो बांधणारे श्रीधर नारायण मुन्शी तुमच्या नागपूर संस्थानाचे अर्थमंत्री होते. शेजारी दरभंगा घाटावरचा महाल. मान दुखेपर्यंत वर पाहावं, अशा भिंती आणि बुरूज.

आता पाठ फिरवा आणि नदीपलीकडे बघा. काय दिसतं? काहीच नाही! ना घाट, ना देऊळ, ना महाल. नुसती पांढुरकी रेती. उन्हाळ्यात लोक होडीने तिकडे जातात, उंटावर बसतात, अगदी चौपाटीसारखी मजा करतात. एका काठावर दगडी गर्दी आणि दुसऱ्या काठावर मोकळी रेती, असं का बरं?

उत्तर स्वयंपाकघरात मिळेल. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात चिमूटभर चहापूड टाका आणि ती भिजून तळाशी बसू द्या. मग चमच्याने गरागरा ढवळा आणि चमचा बाहेर काढा. पूड कुठे जमेल? गोल फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाते, म्हणजे पूड कडेला जायला हवी, हो ना? पण नाही. ती तळाच्या मधोमध ढीग करून बसते!

नीट बघा, फिरणारं पाणी कडेला थोडं चढतं आणि मध्ये खोलगट होतं. कडेला पाणी उंच, म्हणून तिथे दाबही जास्त. तळाला चिकटून फिरणारं पाणी मात्र घासून घासून मंदावतं. बाहेर जायचा त्याचा जोर कमी पडतो आणि कडेचा दाब त्याला मध्याकडे ढकलतो. जाता जाता ते पुडीलाही सोबत नेतं. हे कोडं उलगडून सांगणारा लेख 1926 मध्ये कुणी लिहिला असेल? अल्बर्ट आइनस्टाइनने! आणि लेखाचा विषय चहा नव्हताच मुळी. नद्या वळणं का घेतात, हे त्याला सांगायचं होतं.

काशीला गंगा असंच मोठं वळण घेते. एरवी पूर्वेकडे जाणारी नदी इथे दक्षिणेकडून उत्तरेला वाहते. घाट वळणाच्या बाहेरच्या काठावर आहेत. तिथे पाणी खोल आणि वेगवान, म्हणून होड्या थेट पायरीला लागतात. तळचं पाणी मात्र रेती घेऊन आतल्या काठाकडे सरकतं आणि ती पलीकडे टाकतं. आतला काठ म्हणजे आपल्या पेल्याचा मध्यच की!

तुमच्यातला एखादा चौकस विचारेल, "मग वेगवान पाण्याने बाहेरचा काठ खरवडून का नेला नाही?" शाब्बास! काशी वसली आहे ती कंकर मिसळलेल्या उंच टेकाडावर. चिकणमातीत चुन्याचे खडे तयार होऊन घट्ट झालेली ही जमीन नदीला सहजी दाद देत नाही.

सगळ्याच गावांचं नशीब एवढं चांगलं नसतं. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर मिलेटस नावाचं नामांकित प्राचीन बंदर होतं. मेंडेरेस नदीने गाळ आणून आणून तिथली खाडीच भरून टाकली. आज तिथे जुनं दगडी नाट्यगृह दिमाखात उभं आहे, पण समुद्र पाहायला काही किलोमीटर पुढे जावं लागतं. बंदरापासून समुद्रच पळाला म्हणा ना!

आणि काशीत समुद्र आला कुठून? आता पायरीकडे वळू. काशीचे बहुतेक जुने घाट चुनारच्या वालुकाश्माचे आहेत. चुनार गंगेकाठीच, वरच्या अंगाला. तिथल्या खाणींतला दगड होडीत घालून प्रवाहाबरोबर काशीला आणणं सोपं. हा दगड विंध्य पर्वताचा, वय शंभर कोटी वर्षांहून जास्त. तेव्हा तिथे उथळ समुद्र होता. मासे नव्हते, झाडं नव्हती, डायनोसॉर तर फारच पुढची गोष्ट. लाटा मात्र होत्या, आणि भरती-ओहोटीही. किनाऱ्यावरची वाळू थरावर थर साचत गेली, दाबली गेली, कण एकमेकांना चिकटले आणि दगड झाला.

भिंग असेल तर घाटाच्या झिजलेल्या दगडावर धरा. वाळूचे बारीक कण दिसतील, बहुतेक क्वार्ट्झ नावाच्या खनिजाचे. काही दगडांत तिरप्या रेघाही सापडतात. त्या पाहून भूवैज्ञानिक सांगतात, की वाळू वाहून आणणारं पाणी कुठल्या दिशेला चाललं होतं. मात्र पायरीची रेघ वाचून दिशा ठरवायला जाऊ नका. कारागिराने दगड कसाही फिरवून बसवलेला असू शकतो. त्यासाठी चुनारची खाणच गाठायला हवी. जवळच्या सारनाथचा अशोकस्तंभही चुनारच्याच दगडाचा, पण त्यात रेघा शोधणं अवघड. मौर्यांच्या कारागिरांनी तो इतका गुळगुळीत घासला आहे, की सव्वादोन हजार वर्षांनंतरही त्यावर चकाकी आहे!