नेमाचा आधार : वसईच्या वेढ्यापासून बायपॉडपर्यंत

बंदुकीचा नेम चुकण्याची कारणे अनेक आहेत. त्यांतले सर्वांत जुने कारण म्हणजे धरणाऱ्याच्या शरीराची हालचाल. श्वासाबरोबर छाती वरखाली होते, नाडीच्या ठोक्याने नळीचे टोक हलते आणि ताणलेला स्नायू थकला की थरथरू लागतो. ही हालचाल गोळीपर्यंत पोचू नये म्हणून बंदुकीचा भार एखाद्या अचल वस्तूवर टाकण्याची युक्ती बंदुकीइतकीच जुनी आहे. लांब पल्ल्याच्या आजच्या रायफलीला पुढे बायपॉड, म्हणजे दोन पायांचा घडीचा टेकू, आणि मागे दस्त्याखाली वाळूची पिशवी असते. आधाराची ही रीत येथवर येताना युद्धातून खेळात गेली, खेळाने ती मोडीत काढली आणि पुढे खेळाच्याच एका शाखेने ती पुन्हा स्वीकारली.

उत्तर कोकणात याचा माग वसईपासून लागतो. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि तेथे दगडी तटबुरुजांचा किल्ला उभा राहिला. त्या काळातली तोड्याची बंदूक जड होती. सोळाव्या-सतराव्या शतकातला युरोपीय बंदूकधारी ती पेलण्यासाठी दुबेळक्याची काठी बरोबर बाळगी. किल्ल्याच्या आत मात्र काठीची गरज नसे. तटातल्या जंगीच्या, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेल्या भोकाच्या, उंबऱ्यावर नळी टेकली की भार दगडावर जाई. जेजालेसारखी लांब नळीची बंदूक तर टेकूशिवाय उडवणे कठीणच होते. जंबुरा ही छोटी तोफ खुंट्यावर फिरे, आणि सुतरनाळेला उंटाच्या पाठीवरच्या खोगिराचा आधार असे.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईला वेढा घातला, तेव्हा आधाराची ही विषमता उघड होती. आतल्यांना तयार तट मिळाला होता, बाहेरच्यांना मोर्चे खणून मातीचा आडोसा करावा लागला. मराठ्यांनी अखेर तट फोडला तो बंदुकीने नव्हे, सुरुंगांनी. सान सेबास्तियन बुरुजाकडच्या सुरुंगांनी खिंडार पडले आणि १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. विरारजवळचे अर्नाळा बेट त्याआधी, १७३७ मध्येच, मराठ्यांकडे आले होते. या काळात टेकूचा उपयोग वजन पेलण्यापुरता होता. गुळगुळीत नळीतून सुटलेला शिशाचा गोल शंभरेक मीटरपुढे स्वतःच भरकटे, त्यामुळे हात स्थिर राहिल्याचा फारसा लाभ होत नसे.

हे गणित एकोणिसाव्या शतकात बदलले. नळीतल्या सर्पिल खाचा आणि १८४९ ची मिनिए गोळी यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाऊ लागली. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीचा पल्ला कित्येक शे यार्डांवर गेला. बंदूक इतकी अचूक झाल्यावर माणसाचा कंप हाच मोठा दोष ठरला. २ जुलै १८६० रोजी इंग्लंडच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा विम्बल्डनला भरली. तिची सुरुवात राणी व्हिक्टोरियाने ४०० यार्डांवरून गोळी झाडून केली. व्हिटवर्थ रायफल लोखंडी बैठकीत आधीच रोखून ठेवली होती, राणीने फक्त चापाला बांधलेली दोरी ओढली आणि गोळी लक्ष्याच्या मध्याजवळ लागली. नेमबाज वगळला तर रायफल काय करू शकते, याचे ते जाहीर प्रात्यक्षिक होते. हिंदुस्थानात १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने मात्र सामान्य माणसाच्या हाती रायफल येण्याची वाट जवळजवळ बंद केली.

ती वाट खेळाच्या रूपाने खुली झाली स्वातंत्र्यानंतर. १९४८ मध्ये एनसीसीची स्थापना झाली आणि महाविद्यालयीन मुलामुलींना पालथे पडून .२२ रायफल चालवण्याचे शिक्षण मिळू लागले. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर होते. राष्ट्रीय स्पर्धेआधीची पात्रता स्पर्धा त्यांच्याच नावाने भरते आणि नेमबाज तिला नुसते ‘मावळणकर’ म्हणतात. महाराष्ट्र रायफल असोसिएशनची वरळीची रेंज हे मुंबई परिसरातल्या नेमबाजांचे केंद्र बनले. पुढे पुण्याजवळचे बालेवाडी आणि पनवेल ही आणखी दोन ठिकाणे झाली.

ऑलिम्पिक पद्धतीच्या या खेळात टेकूला मज्जाव आहे. पालथ्या अवस्थेत, म्हणजे प्रोनमध्ये, रायफलीला फक्त दोन हात, खांदा आणि गाल यांचा आधार घेता येतो. पुढच्या हाताचे कोपर जमिनीवर असते आणि त्या हाताचा जमिनीशी कोन ३० अंशांपेक्षा कमी चालत नाही. दंडाला बांधलेला पट्टा, म्हणजे स्लिंग, वापरण्याची मुभा असते. पट्टा ताणला की हात, पट्टा आणि रायफल यांचा घट्ट त्रिकोण तयार होतो, भार स्नायूंवरून हाडांवर उतरतो आणि हात सैल सोडला तरी रायफल खाली येत नाही. गुडघ्यावर बसताना एक पिशवी चालते, पण ती रायफलीखाली ठेवायची नसते. नीलिंग रोल नावाची ही गोल उशी पावलाच्या घोट्याखाली जाते. उभ्या अवस्थेत पट्टाही काढावा लागतो. तेव्हा कंबर किंचित मागे झुकवून पुढचे कोपर बरगडी-कमरेवर टेकवणे एवढाच उपाय उरतो.

बाहेरचा आधार काढून घेणाऱ्या या नियमांतच महाराष्ट्राची रायफल परंपरा घडली. अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. सुमा शिरूर यांनी २००४ च्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुणांसह जागतिक विजेतेपद मिळवले. या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. २०२२ मध्ये कैरोला रुद्रांक्ष पाटील १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. तो ठाण्यातला. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे, म्हणजे वरच्या तिन्ही अवस्थांतल्या नेमबाजीचे, कांस्यपदक ४५१.४ गुणांनी मिळवले. कुस्तीगीर खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते.

इकडे टेकू मात्र दुसऱ्या वाटेने टिकून राहिला होता. दुसऱ्या महायुद्धात हिंदी पलटणींनी वापरलेल्या ब्रेन मशीनगनला नळीखाली दोन पाय होते. पुढे लांब पल्ल्याच्या रायफलींना असे पाय सर्रास बसू लागले, आणि भारतीय सेनेने घेतलेली .३३८ ची साको रायफल त्याच घडणीची आहे. खेळातही आधाराला दोन ठिकाणी मान्यता मिळाली. पॅरा नेमबाजीच्या एसएच २ वर्गात, हातांनी रायफलीचे वजन पेलू न शकणाऱ्या खेळाडूला स्प्रिंगवर बसवलेला स्टँड दिला जातो. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये चौथा आलेला कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर एसएच १ वर्गातला. त्या वर्गात रायफल स्वतःच पेलावी लागते. दुसरे ठिकाण म्हणजे एफ-क्लास. कॅनडातले नेमबाज जॉर्ज फार्कर्सन यांच्या नावातल्या आद्याक्षरावरून हे नाव आले. वयामुळे पट्टा आणि उघडी माशी वापरणे जड जाणाऱ्यांसाठी दुर्बीण आणि टेकू यांची मुभा असलेला हा प्रकार निघाला आणि लवकरच सर्व वयांचे नेमबाज त्यात उतरले. त्याच्या एफटीआर या पोटप्रकारात पुढे बायपॉड आणि मागे पिशवी हीच मांडणी असते.

या मांडणीत पुढचा टेकू वजन घेतो आणि मागची पिशवी उंची ठरवते. नेमबाज रायफलीच्या थेट मागे, तिच्या रेषेत पालथा पडतो. शरीर तिरके असेल तर धक्का खांद्याच्या एका बाजूने निसटतो आणि नळी आडवी उडते. गोळी सुटल्यावरही दुर्बिणीतले लक्ष्य नजरेआड झाले नाही, तर शरीर रेषेत आहे असे समजावे. खांद्याने दस्त्याला किंचित पुढे रेटून बायपॉडच्या पायांतला ढिलेपणा काढतात. हा रेटा दर गोळीला सारखा असणे त्याच्या जोरापेक्षा महत्त्वाचे असते. सिमेंटच्या ओट्यावर पाय उसळतात, म्हणून त्यांच्याखाली जाड चटई घालतात.

पुढचा हात नळीखाली न ठेवता मागे आणून पिशवीवर ठेवला जातो. मूठ आवळली की पिशवी फुगते, दस्ता वर जातो आणि नळीचे टोक खाली येते. टेकू आणि पिशवी यांच्यात ८० सेंटिमीटर अंतर धरले, तर दस्ता एक मिलिमीटर उचलल्याने १०० मीटरवर गोळी सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली लागते. त्यामुळे बोटांची हालचाल अगदी सूक्ष्म ठेवावी लागते, आणि नेम नेमका बसेल तेव्हा मूठ अर्धीच आवळलेली असावी इतपत पिशवी भरतात. वाळूची पिशवी जड असते पण जागची हलत नाही. प्लॅस्टिकच्या मण्यांची हलकी असते, पण अधिक दबते.

पट्ट्याच्या काळातली शिकवण येथेही लागू पडते. डोळे मिटून, श्वास सोडून पुन्हा डोळे उघडल्यावर नेम सरकलेला दिसला, तर हाताने रायफल न ओढता सगळे शरीर आणि टेकू हलवून नवी बैठक घेतात. गाल दर वेळी त्याच जागी टेकतो, चाप श्वास सोडल्यानंतरच्या स्वाभाविक विरामात सरळ मागे ओढला जातो आणि गोळी सुटल्यावरही क्षणभर दाबून धरला जातो. स्नायूंनी जबरदस्तीने धरलेला नेम टेकूवरसुद्धा टिकत नाही.

आधार आला तरी सगळे दोष संपत नाहीत. ७.६२ मिलिमीटर वर्गातली गोळी १,००० यार्डांवर ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्याने दोन मीटरहून अधिक सरकते. त्यामुळे आधाराच्या नेमबाजीत कसोटी हाताऐवजी वारा वाचणाऱ्या नजरेची आणि काडतुसांच्या एकसारखेपणाची होते. टेकूमुळे मिळणारा फायदा नियमांनीही मोजला आहे. अमेरिकी नियमांनुसार १,००० यार्डांवर पट्टा वापरणाऱ्याच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ २० इंचांचे असते, तर एफ-क्लासच्या नेमबाजाला तेच १० इंचांचे मिळते.