ठरलेल्या कुस्तीचं मोजमाप

5 एप्रिल 1982 रोजी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात, मिड-साउथ कोलिझियममध्ये जेरी लॉलर आणि अँडी कॉफमन यांची कुस्ती झाली. लॉलर त्या गावचा लाडका पैलवान. कॉफमन टीव्हीवरचा विनोदी नट, त्याला धड एक डाव येत नव्हता. पहिली काही मिनिटं तो रिंगभर नुसता पळत राहिला. शेवटी लॉलरने वाकून स्वतःची मान त्याच्या हाती दिली आणि त्याने ती धरताच त्याला उचलून पाठीवर आपटलं. मग त्याचं डोकं मांड्यांमध्ये धरून त्याला उलटं खाली रोवलं. या डावाला पाइलड्रायव्हर म्हणतात. मेम्फिसमध्ये त्यावर बंदी होती, त्यामुळे पंचांनी लॉलरला बाद केलं आणि निकाल कॉफमनच्या बाजूने गेला. लॉलरने तोच डाव पुन्हा टाकला. संपली कुस्ती. डावांची विविधता, वेग, दमसास या आजच्या कसोट्यांवर ती पहिल्याच फेरीत नापास होते. पण टीव्हीवरून मेम्फिसकरांना साबण कसा वापरायचा हे शिकवू पाहणाऱ्या माणसाला अखेर शिक्षा झाली, याचा आनंद त्या प्रेक्षकांच्या आवाजात आजही स्वच्छ ऐकू येतो. जे करायचं ठरवलं होतं ते या लढतीने पुरेपूर केलं, आणि म्हणून ती चांगली कुस्ती आहे, असं मी मानतो. जुन्या प्रादेशिक लढतींचं समीक्षण हल्ली बरेच जण करतात आणि त्यात ताऱ्यांचे गुण वाटले जातात. ती लढत कोणत्या गावासाठी आणि कोणत्या रात्रीसाठी रचली होती, हा पहिला प्रश्न मात्र त्यात बहुधा राहूनच जातो.

हा प्रश्न पहिला का, हे त्या काळची व्यवस्था पाहिली की कळतं. 1948 मध्ये आयोवा राज्यातल्या वॉटरलू इथे काही कुस्ती-आयोजक एकत्र आले आणि नॅशनल रेसलिंग अलायन्स उभी राहिली. एकमेकांच्या इलाख्यात शिरायचं नाही, जगज्जेता मात्र सर्वांचा मिळून एक, असा हा बंदोबस्त. सेंट लुइस, डॅलस, पोर्टलंड, डेट्रॉइट, कॅरोलिना अशा प्रत्येक इलाख्याचे पैलवान, नियम आणि टीव्हीवरचा तास वेगळा. मेम्फिसच्या इलाख्यात शनिवारी सकाळी चॅनेल 5 वर थेट कार्यक्रम व्हायचा. लान्स रसेल आणि डेव्ह ब्राउन तो चालवायचे. सोमवारी कोलिझियममध्ये मुख्य लढती, मंगळवारी लुइव्हिल, बुधवारी इव्हान्सव्हिल. कमाई होती ती तिकिटाची, टीव्ही म्हणजे त्या तिकिटाची जाहिरात. लोक तेच, सभागृह तेच, आणि पुढच्या सोमवारी त्याच लोकांनी पुन्हा पैसे मोजून यायला हवं असायचं. त्यामुळे कोणतीही लढत सुटी नसायची. ती मागच्या आठवड्याचं देणं फेडायची आणि पुढच्या आठवड्याची ओढ लावून द्यायची.

पाइलड्रायव्हरवरच्या बंदीकडे या नजरेने बघा. बंदी खरी असो वा रचलेली, तिच्यामुळे त्या एका डावाला शस्त्राचं वजन आलं. मेम्फिसचा प्रेक्षक वर्षानुवर्षं हेच पाहत आला होता, की हा डाव बसला की माणूस उठत नाही, त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागतं आणि टाकणाऱ्याला शिक्षा होते. कॉफमन रुग्णालयात गेला आणि नंतर मानेला पट्टा बांधून लोकांसमोर आला. आज कितीतरी लढतींत याहून भयंकर दिसणारे डाव एकामागून एक पडतात आणि समोरचा पंचांच्या दोनच्या आकड्यावर खांदा उचलतो. अशा वेळी डावाची अवघडता वाढते, वजन मात्र कमी होतं. अनेक इलाख्यांत प्रतिस्पर्ध्याला वरच्या दोरावरून बाहेर फेकलं तरी फेकणाऱ्याला बाद करत. आजच्या प्रेक्षकाला हा नियम हास्यास्पद वाटेल. पण त्यामुळे दोराजवळची प्रत्येक झटापट धोक्याची होत असे, आणि चिडलेला नायक स्वतःच्याच रागापायी हरू शकत असे. नियम माहीत नसताना अशी लढत पाहणं म्हणजे अर्धीच लढत पाहणं.

याचा सर्वांत भक्कम पुरावा मला 28 नोव्हेंबर 1985 च्या, कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोमध्ये दिसतो. स्टारकेड या वार्षिक कार्यक्रमात मॅग्नम टीए आणि टली ब्लँचर्ड यांची ‘आय क्विट’ लढत लोखंडी पिंजऱ्यात झाली. पाठ टेकवून जिंकायची सोय नाही. प्रतिस्पर्ध्याने मायक्रोफोनमध्ये शरणागती बोलून दाखवायला हवी. पंधरा मिनिटांच्या आत संपलेल्या या लढतीत नेत्रदीपक म्हणावा असा डाव जवळजवळ नाही. आहेत ते ठोसे, जाळीवर घासलेली कपाळं, रक्त, आणि पुन्हा पुन्हा तोंडासमोर धरला जाणारा मायक्रोफोन. त्यातून दोघांचं कण्हणं, धापा, नकार सभागृहभर पसरत राहतो. हे दोघे त्या वर्षात आधीही एकमेकांना भिडले होते, आणि ब्लँचर्ड प्रत्येक वेळी काहीतरी लबाडी करून निसटणारा म्हणून प्रेक्षकांच्या डोक्यात बसला होता. म्हणून पिंजरा आला आणि म्हणूनच तोंडाने हार कबूल करण्याची अट आली. शेवटी ब्लँचर्डची साथीदार बेबी डॉल हिने लाकडी खुर्ची पिंजऱ्यात टाकली. त्याने ती फोडून टोकदार तुकडा काढला आणि तो मॅग्नमच्या डोळ्यात खुपसायला गेला. मॅग्नमने तो उलटवून त्याच्याच कपाळावर रोवला, आणि ब्लँचर्डने किंचाळत हार मानली. दुसऱ्यासाठी आणलेलं हत्यार स्वतःवर उलटणं आणि गोडबोल्या माणसाच्या तोंडून शब्दांऐवजी किंकाळी निघणं, एवढ्यात वर्षभराची गोष्ट पुरी झाली. इथे एखादी कसरतीची उडी घातली असती तर लढत बिघडली असती. वेग आणि विविधता हे सर्वत्र लागू पडणारे गुण नाहीत, असं मी म्हणतो ते यामुळे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. सगळंच त्या गावाच्या संदर्भाने तोलायचं ठरवलं तर कोणतीही रटाळ लढत ‘त्या काळी चालायची’ म्हणून सुटेल, मग समीक्षेला उरलं काय? माझ्या मते ही कसोटी उलट अधिक कडक आहे. डेट्रॉइटचा ‘द शेख’ घ्या. मिशिगनमध्येच जन्मलेला एड फरहात सीरियातला रानटी श्रीमंत म्हणून रिंगमध्ये उतरायचा. पेन्सिलीने कपाळं फोडायचा, आगीचा गोळा फेकायचा. इलाख्याचा कारभारही त्याच्याच हातात होता. एखादी लढत सुटी पाहिली तर ती आजही अंगावर येते. पण वर्षामागून वर्षं तोच गोंधळ, तोच अर्धवट शेवट, आणि निर्णायक हार जवळजवळ कधीच नाही. ज्या शिक्षेसाठी लोक तिकीट काढत होते ती मिळेना, तेव्हा त्यांनी येणं कमी केलं आणि 1980 मध्ये तो इलाखा बंद पडला. वाईट अर्थकारण आणि इतरही कारणं त्यात होती हे खरं. तरी साखळी म्हणून पाहिलं तर या लढतींचा दोष स्पष्ट दिसतो, आणि सुट्या लढतीला तारे देणाऱ्याला तो दिसूच शकत नाही. याच्या उलट उदाहरण डॅलसचं. 25 डिसेंबर 1982 ला केरी फॉन एरिक आणि जगज्जेता रिक फ्लेअर पिंजऱ्यात लढले. खास पंच म्हणून आलेल्या मायकेल हेजने फ्लेअरला आडवं केलं, पण असा आयता विजय केरीने नाकारला. मग हेजचा साथीदार टेरी गॉर्डीने पिंजऱ्याचं दार केरीच्या डोक्यावर आपटलं. केरी पुढे लढू शकला नाही. एका लढतीचा शेवट म्हणून हे अपुरं आहे. पण फॉन एरिक भाऊ विरुद्ध हेज-गॉर्डी यांची फ्रीबर्ड्स टोळी हे पुढे काही वर्षं चाललेलं वैर त्या दाराच्या आवाजातून सुरू झालं, आणि नायकाचा प्रामाणिकपणाच त्याला नडला हे लोक विसरले नाहीत.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. प्रेक्षकांचा आवाज हा पुरावा मानला तर त्यांचे पूर्वग्रहही मान्य केल्यासारखं होतं. ‘द शेख’चं सोंग परकीयांच्या तिरस्कारावर उभं होतं, जपानी आणि रशियन खलनायकांचंही तेच. याला उत्तर एवढंच की परिणाम साधला हे नोंदवावं आणि तो कशाच्या बळावर साधला हेही तितक्याच स्पष्टपणे लिहावं. स्वस्त द्वेषावर मिळवलेला आरडाओरडा हा स्वस्तच, त्याला कारागिरीचं श्रेय देऊ नये. शिवाय हीच यंत्रणा दुसरं काही करत होती, तेही दिसायला हवं. लुइझियानात बिल वॉट्सने ‘जंकयार्ड डॉग’ या कृष्णवर्णीय पैलवानाला आपल्या इलाख्याचा मुख्य नायक केलं. दक्षिणेत हे तोवर दुर्मीळ होतं. 1980 मध्ये फ्रीबर्ड्सनी केस काढायचं मलम डोळ्यांत टाकून त्याला आंधळं केलं, अशी कथा रचली गेली. त्याच्या बायकोला नुकतीच मुलगी झाली आहे आणि बाप तिचं तोंड पाहू शकत नाही, असं लोकांना सांगण्यात आलं. ऑगस्टमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये गळ्यातल्या साखळीने बांधून झालेल्या लढतीला हजारो लोक आले. जंकयार्ड डॉगचे डाव मोजकेच होते आणि दमही फार नव्हता. केवळ तंत्रावर गुण देणारा त्याला खालच्या रांगेत बसवतो, आणि एका शहराने आपला माणूस म्हणून त्याला कसं उचलून धरलं होतं ते त्याच्या नजरेतून सुटतं.

मराठी वाचकाच्या मनात याहून जुना आक्षेप असतो. आपल्याकडे निकाली कुस्तीला मान आहे. खासबागेत दोन मल्लांनी आधी ठरवून कुस्ती केली तर ती नुरा कुस्ती, फसवणूक. मग ठरलेल्या कुस्तीचं रसग्रहण कसलं? खासबागेपुरता हा आक्षेप पूर्ण बरोबर आहे, कारण तिथे झुंजीचं वचन दिलेलं असतं. अमेरिकी आयोजकांनीही तेच वचन दिलं आणि दशकानुदशकं मोडलं, हे लपवायचं कारण नाही. पण 1930 च्या दशकातच न्यू यॉर्कच्या वृत्तपत्रांनी निकाल आधी ठरतात हे छापलं होतं, आणि तरी लोक येत राहिले. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी 1957 च्या आपल्या पुस्तकात ही कुस्ती खेळ म्हणून नव्हे, प्रयोग म्हणून वाचली. 1989 मध्ये या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या अमेरिकी कंपनीने न्यू जर्सीत सरकारी नियंत्रण टाळण्यासाठी हे करमणुकीचंच काम असल्याचं स्वतः सांगितलं. कोकणातल्या दशावतारात आख्यान आणि शेवट सर्वांना ठाऊक असतो, संवाद मात्र नट तिथल्या तिथे, समोरचा प्रेक्षक पाहून बोलतात. इलाख्यातली कुस्ती तशीच चाले. शेवट ठरलेला, मधला भाग दोघे रिंगमध्येच कुजबुजून रचत जात. म्हणूनच प्रेक्षक ऐकता येणं हे पैलवानाचं पहिलं कौशल्य होतं. मुंबईनेही हा प्रकार पाहिला आहे. दारा सिंग आणि किंग काँग यांच्या लढतींनी इथे गर्दी खेचली आणि 1968 मध्ये दारा सिंगने अमेरिकेचा माजी जगज्जेता लू थेझ याला मुंबईतच हरवलं.

1984 नंतर त्याच मोठ्या कंपनीने केबलच्या बळावर देशभर हातपाय पसरले आणि इलाखे एकेक करून बुडाले किंवा विकले गेले. त्याआधीच्या लढती आज पडद्यावर मिळतात, पण तुकड्यांत. कित्येक लढतींची फक्त शेवटची मिनिटं उरली आहेत, आणि टीव्ही स्टुडिओतल्या दोन मिनिटांच्या एकतर्फी लढती तर मुळात जाहिराती होत्या. तुकड्याला पूर्ण लढतीचे गुण देणं अन्यायाचं आहे, चांगले असोत वा वाईट. जुनं ते सगळं सोनं असंही माझं म्हणणं नाही. तासभर हात पिरगाळत बरोबरीत सोडवलेल्या कित्येक कुस्त्या तेव्हाही कंटाळवाण्या होत्या, सभागृहातली शांतता ते सांगते. ज्याला हे नीट बघायचं आहे त्याने एकच इलाखा निवडावा, त्याचे नियम समजून घ्यावेत, आधी दोन-तीन आठवड्यांचे टीव्ही कार्यक्रम पाहावेत आणि मग मोठी लढत लावावी. मेम्फिसपासून सुरुवात करा किंवा ग्रीन्सबरोपासून, पण आवाज बंद करून मात्र बघू नका.