आचार्यास की आचाऱ्यास: घरच्या कचेरीतील लिनक्स

बंगळुरूतील एचएसआर लेआउट या वसाहतीचे नाव होसूर-सर्जापूर रोडच्या आद्याक्षरांवरून पडले असून, नवउद्योगांसाठी ती प्रसिद्ध असली तरी तिथल्या सदनिकांत हिशेबनीस, अनुवादक आणि सल्लागार यांच्या घरगुती कचेऱ्याही चालतात. अशा कचेरीसमोर सध्याचा प्रश्न तारखेने आला. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय व इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागत असल्याने, एरवी धडधाकट असलेले अनेक जुने संगणक निव्वळ अटींमुळे बाद ठरले.

त्यांना दुसरे आयुष्य देणारा पर्याय म्हणजे लिनक्स, म्हणजेच 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेला, ज्याची आज्ञावली कोणीही वाचू, बदलू आणि वाटू शकतो असा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा; त्याभोवती रोजच्या वापराची साधने रचून तयार केलेल्या संचाला वितरण म्हणतात, आणि उबंटू व मिंट ही अशीच वितरणे होत. बंगळुरूला हा विषय परका नाही. बर्लिनमध्ये जन्मलेले व बेळगावात वाढलेले अतुल चिटणीस यांनी 1996 मध्ये ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सची सीडी वाचकांपर्यंत पोहोचवण्यात पुढाकार घेतला आणि पुढे 2001 पासून याच शहरात ‘लिनक्स बँगलोर’ परिषद भरवली, जी नंतर ‘फॉस डॉट इन’ या नावाने ओळखली गेली.

मात्र लिनक्स बसवणे हा या स्थलांतराचा सोपा भाग आहे. कचेरी अडते ती जुन्या फायलींपाशी, आणि मराठीत काम करणाऱ्याची तर विशेष अडते. युनिकोड ही सर्व लिप्यांची सामायिक संकेतप्रणाली रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असल्यामुळे, तो फाँट नसलेल्या यंत्रावर करारपत्राच्या जागी रोमन चिन्हांचा बुजबुजाट दिसतो. फाँटची फाइल लिनक्सवर चढवता येते, पण त्यात टंकन करणारा प्रोग्राम बहुधा विंडोजपुरताच असतो. म्हणून ही कागदपत्रे जुन्या यंत्रावर असतानाच युनिकोडमध्ये रूपांतरित करून नजरेखालून घालावीत. त्यासाठी ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ ही जोडी उत्तम कसोटी आहे, कारण रूपांतरात रफार आणि अर्धचंद्राकार र यांची गल्लत झाली की गुरूचा स्वयंपाकी होतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर हा दुसरा र काढण्यासाठी शिफ्टसह जे, मग हलन्तासाठी डी आणि य साठी तिरप्या रेघेची कळ दाबावी लागते, आणि हा क्रम लिनक्सवरही तोच राहतो.

बाकीच्या अडचणी हिशेबाच्या आणि उपकरणांच्या आहेत. टॅली हे खुद्द बंगळुरूच्या कंपनीचे सॉफ्टवेअर, तरी संगणकावर बसवायचे ते विंडोजसाठीच मिळत असल्याने, लिनक्सच्या आत आभासी यंत्र म्हणजे संगणकातला संगणक उभा करून त्यात विंडोज चालवणे हाच त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय ठरतो, आणि त्यासाठी विंडोजचा परवाना लागतोच. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन चालवायला त्या बनावटीचा लिनक्स ड्रायव्हर हवा. प्रिंटरचे म्हणाल तर नवे जाळेजोड नमुने सहसा आपोआप ओळखले जातात. जुने स्वस्त लेझर प्रिंटर मात्र दिवसचे दिवस खातात.

म्हणून आधी विंडोजवरच लिबरऑफिस या लिनक्सवरही चालणाऱ्या कार्यालयीन संचाची सवय करावी, नंतर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, टोकन आणि छपाई तपासावी, आणि बिटलॉकर ही डिस्क कुलूपबंद करणारी सोय सुरू असल्यास तिची पुनर्प्राप्तीची किल्ली आधीच कागदावर उतरवून ठेवावी. दरमहा विवरणपत्रे भरणाऱ्याने 11 तारखेचे जीएसटीआर-1 आणि 20 तारखेचे जीएसटीआर-3बी उरकल्यानंतरचाच शनिवार निवडावा, मार्चअखेर टाळावी, आणि जुनी डिस्क पुसण्याऐवजी नवी एसएसडी घालून जुनी खणात ठेवावी.