बांबूच्या फळीचें धनुष्य

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या बांधावर किंवा ओढ्याकांठीं बांबूचीं बेटें आहेत, ते माल विकतांना बहुधा त्याची लांबी व जाडी एवढेंच पाहतात. परंतु बांबूच्या अंगच्या गुणांची खरी कसोटी लागते, ती धनुष्य बनविण्याच्या कामांत. कारखान्यांत बांबूच्या पट्ट्या सांधून ज्या फळ्या तयार होतात, त्या हल्लीं याहि कामीं वापरतात. अशा फळीनें काय साधतें व काय साधत नाहीं, हें कळल्यास आपला माल कसा राखावा याचाहि बोध होईल, म्हणून हा विषय आम्ही हातीं घेतला आहे.

बांबूचें धनुष्य ही जुनीच वस्तु आहे. आपल्याकडील भिल्ल लोक बांबूचा कामठा करितात व त्याची दोरीहि बांबूच्याच सालीची असते. जपानांत बांबूच्या कामट्या व लांकूड सरसानें सांधून सात फुटांहून लांब धनुष्य करण्याची विद्या कित्येक शतकें चालत आली आहे. मियाकोनोजो हें शहर त्याकरितां प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर सांधलेल्या भागांवर दोर गुंडाळून त्यांत शंभरावर पाचरी ठोकितात, आणि त्या दाबानें धनुष्यास बांक आणितात.

फळी करितांना बांबू चिरून त्याच्या पट्ट्या काढितात, साल व आंतील मऊ भाग रंधून टाकितात, पट्ट्या उकळून त्यांतील साखर व पिष्ट कमी करितात, आणि वाळल्यावर कृत्रिम सरसानें दाबाखालीं त्या एकजीव करितात. तपकिरी फळीस हा रंग वाफेच्या तापानें येतो. ती दिसावयास सुंदर, परंतु पांढरट फळीपेक्षां कांहींशी कमजोर असते.

आतां धनुष्यावर पडणारा भार पाहूं. दोरी ओढली असतां धनुष्याची लक्ष्याकडील बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. धनुर्धराकडील बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. आणि मधल्या गाभ्यावर असा ताण फार थोडा येतो. बांबूचे चिवट तंतु सालीलगत दाट व आंत विरळ असतात. म्हणजे पाठीस जो भाग सर्वांत उपयोगी, तोच फळी करितांना रंध्याखालीं निघून जातो. शिवाय पट्टींतील तंतु तिरपे कापले गेले असल्यास तेथून ढलपी उठते, आणि पूर्ण ओढलेलें धनुष्य तोंडासमोर मोडणें ही जिवावरची गोष्ट आहे.

यासाठीं पाठीस अखंड बांबूची रुंद कामटी, सालीलगतचे तंतु व गांठी शाबूत राखून, लावावी. आणि फळीच्या पातळ पट्ट्या गाभ्यास घालाव्या. तेथें फळीचा समसमानपणा फार उपयोगीं पडतो. जाडी एकदशांशानें वाढली कीं कडकपणा सुमारें एकतृतीयांशानें वाढतो, इतकें हें काम नाजूक आहे. फळी घेतांना सर्व पट्ट्या लांबीच्याच दिशेनें असाव्या व मध्यें जोड नसावा. आडवे थर असलेली फळी या कामास निरुपयोगी होय. तंतु चेंचून दाबलेली फळी कठीण खरी, पण जड. आणि बाहु जड झाले कीं बाण मंदावतो.

आतां आपल्याकडे वळूं. धनुष्यास लागणारा माल थोडा, तेव्हां त्यासाठीं कोणी नवी लागवड करावी असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु फळीचा कारखानदारहि हेच गुण मागतो. कोंवळी कांब वाळतांना फार आक्रसते, आणि पिष्ट राहिलेल्या बांबूस भुंगेरा लागतो. म्हणून दरसालच्या कोंबांवर निराळ्या रंगाची खूण करावी, तीन वर्षांवरील कांबीच पावसाळा संपल्यावर थंडींत तोडाव्या, आणि सावलींत उभ्या करून वाळवाव्या. २०१७ सालीं वनकायद्यांत दुरुस्ती होऊन वनाबाहेरील जमिनीवरचा बांबू झाडाच्या व्याख्येंतून वगळला गेला. त्यामुळें तोडीची मोकळीक वाढली, आणि मालाच्या प्रतीची जबाबदारीहि आपलीच झाली. सरसकट तोड करून कोंवळें व पक्कें एकाच मोळींत बांधणाऱ्यास भाव कोंवळ्याचाच मिळणार, हें आमच्या शेतकरी बंधूंनीं कोयता घालण्यापूर्वीं ध्यानांत घ्यावें.