दिसलाच नाहीत हो!

ताम्हिणी घाट उतरून, निजामपूर मागे टाकून आम्ही माणगावला मुंबई-गोवा महामार्गाला लागलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. दोन बाईक, चार दिवसांची कोकण राइड. लोणेऱ्याच्या अलीकडे डावीकडून गावातला एक रस्ता येऊन मिळत होता आणि त्याच्या तोंडाशी एक पांढरी कार थांबली होती. चालवणाऱ्या काकांनी मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं. नजरानजर झाली, असं मी शपथेवर सांगितलं असतं. म्हणून मी वेग कमी केला नाही. आणि काकांनी गाडी रस्त्यात घातली.

दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक जरासं सरकलं, आणि कारच्या दारापासून हातभर अंतरावर बाईक थांबली. मागून येणाऱ्या मित्राने हेल्मेटच्या आतून काकांचा जो उद्धार केला तो इथे छापण्यासारखा नाही. काका मात्र काच खाली करून घाबऱ्या आवाजात एकच म्हणत राहिले, “दिसलाच नाहीत हो तुम्ही! देवाशपथ सांगतो, दिसलाच नाहीत.”

अंगात नारिंगी जॅकेट, मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, दिवा चालू, आणि म्हणे दिसलो नाही. महाडला चहा घेताना आमचं एकमत झालं की म्हातारा सरळ खोटं बोलला. आज मला तसं वाटत नाही. काका खरं बोलत होते, आणि ते खरं बोलत होते हीच त्या प्रसंगातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट होती.

ब्रिटनमधल्या बाईकवाल्यांनी या वाक्याचा शब्दच करून टाकलाय, ‘स्मिड्सी’. ‘सॉरी मेट, आय डिडन्ट सी यू’ची आद्याक्षरं. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातले 900 मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले. अहवाल 1981मध्ये आला. सुमारे तीन चतुर्थांश अपघातांत दुसरं वाहन होतं, आणि त्यातल्या दोन तृतीयांश वेळा बाईकचा हक्काचा रस्ता कापून ते दुसरं वाहनच आडवं आलं होतं. चालकांचं म्हणणंही ठरलेलं: बाईक दिसली नाही, किंवा दिसली तेव्हा उशीर झाला होता. बाईकवाल्याला हे सगळं निस्तरायला सर्वसाधारणपणे किती वेळ मिळाला? दोन सेकंदांहून थोडा कमी.

इतकी माणसं, इतक्या देशांत, एकच थाप मारत नसणार. तेव्हा डोळ्याकडेच वळायला हवं.

हात लांब करून अंगठा उभा धरा. त्याच्या नखाएवढ्या जागेत, म्हणजे जेमतेम दोन अंशांच्या कोनात, आपल्याला बारीक अक्षर वाचण्याइतकं स्पष्ट दिसतं. बाकीचं दृश्य जसजसं कडेला जाईल तसतसं धूसर होत जातं. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत हे ‘नख’ समोरच्या दृश्यावर फिरवतो आणि मेंदू तुकडे सांधून अखंड चित्र उभं करतो. उडी चालू असताना तो चक्क पडदा पाडतो. खोटं वाटत असेल तर आरशासमोर उभे राहा. आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. तुमचे डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला स्वच्छ दिसतील.

आता फाट्यावर घाईने उजवीकडे-डावीकडे मान फिरवणारा चालक डोळ्यांसमोर आणा. त्याची नजर दोन-तीन ठिकाणीच टेकते. दोन टेकण्यांमधल्या फटीत ट्रक मावत नाही. बाईक मावते.

ती किती लहान असते याचा हिशेब मी एकदा कागदावर केला आणि दचकलो. हँडलची रुंदी 80 सेंटिमीटर धरली तर 100 मीटरवरची बाईक डोळ्याशी जवळपास अर्ध्या अंशाचा कोन करते. पौर्णिमेचा चंद्र आकाशात एवढाच रुंद असतो. ताशी 80 किलोमीटरने येणारी बाईक हे 100 मीटर साडेचार सेकंदांत कापते. पहिल्या सव्वादोन सेकंदांत ती 50 मीटरवर येते, म्हणजे एका चंद्राचे दोन चंद्र होतात. पुढच्या सेकंदाभरात चार. समोरून येणाऱ्या वस्तूचा वेग डोळा मुख्यतः तिच्या फुगण्यावरून ताडतो. आणि इथे फुगण्याचा सगळा कारभार शेवटच्या दोन सेकंदांत उरकला जातो. तोपर्यंत चालकाने “लांब आहे, निघतो” असं ठरवलेलं असतं.

त्यात आणखी एक गोची. समान वेगाने, समान अंतरावरून येणाऱ्या कार आणि बाईकपैकी बाईक उशिरा पोचेल असं माणसांना वाटतं, हे प्रयोगांत दिसून आलंय. मोठी वस्तू लवकर अंगावर येईल, लहान वस्तूला अवकाश आहे, हा मेंदूचा अंदाज. हजारो वर्षं तो उपयोगी पडला असेल, महामार्गावर नाही.

पाश्चात्त्य लेखांत हमखास एक कारण दिलं जातं: तिकडे रस्त्यावर बाईक विरळ, म्हणून चालकाच्या मनाला तिची अपेक्षाच नसते. आपल्याकडे हे लागू पडत नाही. इथे दुचाकी मोजायला बसलं तर दिवस मावळेल. तरीही 2022मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यातली 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. त्याला हेल्मेटपासून खड्ड्यांपर्यंत अनेक कारणं आहेत. पण लांबच्या राइडला निघणाऱ्यांसाठी मला एक कारण विशेष महत्त्वाचं वाटतं. आपला चालक दुचाकी पाहतो, पण ‘दुचाकी’ म्हटलं की त्याच्या मनात दुधाच्या किटल्या लावलेली, ताशी 40ने जाणारी गाडी असते. मोठ्या इंजिनाची टूरिंग बाईक त्याच खान्यात टाकली जाते. ती 90ने येतेय हे त्या खान्यात बसत नाही. म्हणजे आपण दिसलो तरी आपला वेग दिसत नाही.

रात्री हे आणखी बिघडतं. कारचे दोन दिवे जवळ येताना एकमेकांपासून दूर सरकतात आणि त्यावरून वेग कळतो. बाईकला दिवा एक. शिवाय आपल्याकडे एका डोळ्याचे ट्रकही असतात, त्यामुळे समोरचा ठिपका बाईक आहे की काणा ट्रक हेच कळत नाही. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातल्या संशोधकांनी मुख्य दिव्यासोबत दोन्ही बाजूंना एकेक छोटा दिवा देऊन त्रिकोण केला, तेव्हा कमी उजेडातही लोकांचा वेगाचा अंदाज सुधारला. (छोटा दिवा. समोरच्याला आंधळं करणारे पांढरेफेक एलईडी लावून फिरणाऱ्यांनी हे वाक्य आपल्या बाजूने वापरू नये.)

समुद्रावरची माणसं याच कोड्याचा दुसरा भाग फार पूर्वीपासून जाणतात. दुसरी नौका जवळ येतेय, पण होकायंत्रावर तिची दिशा बदलत नाहीये, तर टक्कर होणार असं धरून चालावं, हे सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच लिहिलेलं आहे. रस्त्यावरही तेच. दोन वाहनं एका चौकाकडे स्थिर वेगाने येत असतील आणि धडकणार असतील, तर एकाला दुसरं काचेवर एकाच जागी चिकटल्यासारखं दिसतं. कडेच्या धूसर नजरेला हालचाल लवकर कळते. स्थिर ठिपका ती सोडून देते. आणि ती एकच जागा जर पुढच्या काचेच्या कडेचा खांब असेल, तर संपलंच. गाडी उलटली तरी छत तगावं म्हणून नव्या गाड्यांत हे खांब जाडजूड झाले आहेत. आतल्या माणसाची सुरक्षा वाढली, त्याची किंमत काही अंशी बाहेरचा मोजतो.

माझा याबाबतचा आवाज इतका चढा का, तेही सांगतो. गेल्या दिवाळीत मी कार चालवत होतो. एका गोल चौकात उजव्या खांबाआडून एक स्कूटर उगवली. उगवली म्हणजे अक्षरशः हवेतून. मी ब्रेक मारला, ती मुलगी रागाने बघत निघून गेली, आणि माझ्या तोंडून निघालं, “अगं, दिसलीच नाहीस!”

मोबाइलबद्दल नवं काय सांगायचं. खाली बघून मेसेज वाचण्यात गेलेले दोन सेकंद म्हणजे ताशी 60च्या वेगाला 33 मीटर, एकामागे एक उभ्या तीन एसटी. पण नजर रस्त्यावर ठेवून, कानात यंत्र घालून बोलणाराही मला सुरक्षित वाटत नाही. युटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी सिम्युलेटरवर हँड्स-फ्री बोलणाऱ्यांच्या नजरेचा माग काढला. डोळे रस्त्याकडेच्या फलकांवर टेकले होते, हे यंत्रात नोंदलं गेलं. पण नंतर ओळखायला सांगितल्यावर त्यांना ते फलक न बोलणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी आठवले. नजर पोचली, लक्ष पोचलं नाही. लोणेऱ्याच्या काकांची नजरानजर मला आता तशीच वाटते.

मग कपड्यांचं काय? न्यूझीलंडमध्ये ऑकलंड परिसरात झालेल्या आणि 2004मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात चमकणारे किंवा प्रकाश परतवणारे कपडे घालणाऱ्यांत जखमी होण्याचा धोका 37 टक्क्यांनी कमी आढळला. काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट असणाऱ्यांत 24 टक्क्यांनी, दिवसा दिवा लावणाऱ्यांत 27 टक्क्यांनी कमी. अर्थात असे कपडे घालणारा मुळात सावध असतो, हेही त्या आकड्यांत मिसळलेलं असणार. आपल्याकडे 1 एप्रिल 2017पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनासोबत आपोआप लागतो. “अहो, लाइट चालू राहिलाय” म्हणून हातवारे करणारे काही वर्षं भेटत राहिले.

दुकानदार सांगत नाही ती गोष्ट अशी की झगमगीत रंग सगळीकडे सारखा चालत नाही. फ्लुरोसंट रंग सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषून ते दृश्य प्रकाशात बदलतो, म्हणून तो ढगाळ दिवशीही उजळ दिसतो. रात्री वाहनांच्या दिव्यांत अतिनील किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे त्याची जादू संपते. तिथे काम करते ती बारीक काचमण्यांची पट्टी, जी प्रकाश आल्या वाटेने परत धाडते. आणि पोपटी जॅकेट घालून श्रावणात आंबा घाटात शिरलात, तर हिरव्यात हिरवं मिसळतं. इस्रायलमधल्या एका प्रयोगात तर मोकळ्या रस्त्यावर, मागे नुसतं उजळ आकाश असताना, काळे कपडे जास्त उठून दिसले. उठून दिसतो तो फरक. रंग हे निमित्त. सह्याद्रीत पावसाळ्यात मला नारिंगी बरा वाटतो.

कपड्यांपेक्षा माझा भरवसा आता सवयींवर आहे. फाट्यावर उभ्या कारच्या चालकाच्या डोळ्यांत मी बघत नाही. बघतो तिच्या पुढच्या चाकाकडे, तेही चाकाच्या वरच्या कडेकडे. घरंगळणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो आणि सर्वांत वरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. गाडी हलली हे दारापेक्षा तिथे आधी कळतं. चेहरा फसवतो, चाक फसवत नाही. दुसरं, दोन बोटं पुढच्या ब्रेकवर आधीच टेकवलेली. ताशी 80ला, दीड सेकंद भानावर यायला धरला, तर ब्रेक लागायच्या आतच 33 मीटर जातात आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी पस्तीसेक. एकूण 70 मीटरच्या आसपास. बोटं तयार असली की यातला पहिला आकडाच आक्रसतो. तेवढ्यासाठी 80चे 60 केले तर एकूण अंतर 45वर येतं. कोकणात एवढी घाई कुणाला असते?

तिसरी सवय जरा विचित्र दिसते. फाट्याजवळ, आरशात मागे कुणी नाही हे पाहून, मी आपल्याच लेनमध्ये डावीकडून उजवीकडे सरकतो. काचेवर चिकटलेला ठिपका त्यामुळे हलतो, कडेच्या नजरेला टोचतो, शिवाय फाट्यापासूनचं अंतरही वाढतं. मागून येणाऱ्यांना वाटतं, बाईकवाल्याचा तोल जातोय.

उसाच्या हंगामात मात्र पात्रं बदलतात. रात्री सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना लाल पट्टी, आणि न दिसणारा तो, न बघणारे आपण. तिथे वरचं सगळं शास्त्र आपल्या डोळ्यांना लागू होतं, म्हणून मी त्या भागात अंधार पडला की मुक्काम करतो.

नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या क्लोई रॉबिन्स आणि पीटर चॅपमन यांनी 2019मध्ये आणखी एक शक्यता मांडली. काही चालक बाईक बघतात, पण दुसऱ्या बाजूला मान वळवेपर्यंत विसरून जातात. त्यांची सूचना साधी आहे: बाईक दिसली की तोंडाने ‘बाईक’ म्हणा. उच्चारलेला शब्द स्मरणात वेगळ्या जागी राहतो, पुढच्या दृश्याने पुसला जात नाही. नॉटिंगहॅमला ठीक आहे. कोथरूडहून निघालो तर वनाजपर्यंतच माझा घसा बसेल, हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. पहाटेच्या ताम्हिणीत मात्र जमतं. परवा आईला घेऊन कारने गावी जाताना वळणावर मी मोठ्याने “बाईक” म्हणालो.

“कुठाय?” आईने विचारलं.

मी खांबाच्या पलीकडे डोकावेपर्यंत तो दुधाच्या किटल्या घेऊन शेजारून निघूनही गेला होता. चांगलाच जोरात होता.