देवाच्या दारातलं धरणं

खोटा आळ आला की घरातली वडीलधारी माणसं समजावतात, ‘गप्प राहा, देव बघून घेईल.’ मावळच्या मातीत ज्यांचं नाव घराघरात घेतलं जातं, ते तुकोबा मात्र गप्प राहिले नव्हते.

आरोप काय होता?

लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावलेली इंद्रायणी मावळ ओलांडून देहूला येते. सतराव्या शतकात याच नदीत तुकोबांना अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या. वाघोलीच्या रामेश्वर भट्टांचा आक्षेप असा, की शूद्राच्या मुखातून वेदांचा अर्थ निघतो, आणि तोही प्राकृतात. भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसून ज्यानं नामचिंतन केलं, त्याची वाणीच गुन्हा ठरली.

त्याआधी बुडालेले कागद

1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा गेले. घरात वाणीपणा होता, सावकारी होती. पुढे धाकट्या कान्होबाशी वाटणी करून त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं याच इंद्रायणीत सोडली, असं चरित्रकार सांगतात. तेव्हा स्वतःचं येणं त्यांनी आपखुशीनं बुडवलं होतं.

तेरा दिवस

जुन्या काळी धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसे आणि येणं मिळेपर्यंत उठत नसे. त्याला धरणं म्हणत. वह्या बुडाल्यावर तुकोबा शिळेवर तसेच बसले, तेरा दिवस, अन्नपाण्याविना. लोकांची खतं सोडून देणारा माणूस आता विठ्ठलाकडे वसुलीला बसला होता!

त्यांचा दावा समजून घ्यायला हवा. नामदेवांनी विठ्ठलासह स्वप्नात येऊन कवित्व करायला सांगितलं, असं तुकोबा स्वतःच सांगतात. मग ती आज्ञा खरी की माझ्या मनाचा भास? खरी असेल तर हे शब्द सांभाळणं देवाचं काम. या प्रसंगाच्या अभंगांत हट्ट आहे, रुसवा आहे, देवाला विचारलेला जाब आहे. भरवसा नसता तर एवढ्या हक्कानं भांडले असते का? मला तरी या भांडणातच त्यांची श्रद्धा सर्वांत उघडी दिसते.

निवाडा

तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, असं परंपरा मानते. तुकोबांच्या हयातीत देहूला आलेल्या बहिणाबाईंनीही या तेरा दिवसांचा उल्लेख केला आहे. अभंग लोकांना पाठ होते म्हणून तरले, असंही अनेकजण म्हणतात. ते उतरवून ठेवणाऱ्यांत ज्यांचं नाव घेतात, त्या संताजी जगनाडे यांची समाधी मावळातच, सुदुंबऱ्याला आहे.

पण वह्या मिळाल्यावर तुकोबा विजयाचा डांगोरा पिटत नाहीत. देवाचा अंत पाहिला, त्याला शिणवलं, म्हणून ते स्वतःलाच अन्यायी ठरवतात.

आणि रामेश्वर भट्ट?

अनगडशहा फकिराच्या शापानं त्यांच्या अंगाचा दाह होऊ लागला, अशी कथा आहे. आळंदीत अनुष्ठान करूनही तो शमेना. शेवटी तुकोबांनी पाठवलेल्या अभंगानं त्यांना उतार पडला आणि ते देहूला येऊन शिष्य झाले. तुकोबांची जी आरती आजही म्हटली जाते, तिच्या अखेरीस पायांवर डोकं ठेवणाऱ्याचं नाव येतं, ते रामेश्वराचं.